मैदानाच्या कडेला (भाग 7) : गोलंदाजांचे सर

गेल्या आठवड्यात आपण मुख्य प्रशिक्षकाच्या कामाविषयी वाचलं. आज त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाविषयी. त्याच्याकडे सगळा संघ नसतो, संघातले चार-सहा जणच असतात. त्यांनी चांगला खेळ केला तर नाव त्यांचं होतं. त्यांना मार पडला की लोक विचारतात, प्रशिक्षक काय करतोय? हा गोलंदाजी प्रशिक्षक. आपल्या डहाणू-पालघर पट्ट्यातल्या वाचकांना त्याचं काम समजावून सांगायचं तर एक डाव घेऊ.

4 जानेवारी 2022. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीचा दुसरा दिवस. भारत 202 धावांत बाद झालेला, मोहम्मद सिराजचा पाय दुखावलेला. म्हणजे तीन वेगवान गोलंदाजांचं काम आणखी वाढलेलं. चेंडू शार्दूल ठाकूरच्या हातात आला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक बाद 88 वरून यजमान चार बाद 102 झाले. तिन्ही बळी शार्दूलचे. दिवस संपायच्या आत त्याच्या नावावर 61 धावांत 7 बळी होते. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीच्या एका डावात कोणाही भारतीयाने तोवर इतकी सरस कामगिरी केली नव्हती. दक्षिण आफ्रिकेने तो सामना 7 गडी राखून जिंकला. पण पालघरच्या पोराचे ते सात बळी विसरण्यासारखे नाहीत. त्या दौऱ्यावर भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक होते मुंबईचे पारस म्हांब्रे.

ते सात बळी म्हांब्रेंनी घेतले असं कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. मग प्रशिक्षक करतो काय?

गोलंदाजाचं सारं गणित धावत येण्यापासून सुरू होतं. रन-अपमधली पावलं मोजलेली असतात. एक पाऊल लांबलं तरी पुढचा पाय रेषेपलीकडे पडतो आणि नो-बॉल होतो. चेंडू सुटताना तो पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का घोटा, गुडघा, कंबर असा वर चढतो. त्या क्षणी कंबर आडवी वळलेली आणि खांदे मात्र समोर उघडलेले असले, तर पाठीच्या खालच्या मणक्यांना पीळ बसतो. पंधरा ते बावीस या वयात हाडं पुरती पक्की झालेली नसतात. याच वयात असं वर्षानुवर्षं चाललं की मणक्याला बारीक चीर जाते. अनेक वेगवान गोलंदाजांची कारकीर्द या चिरेपाशीच थांबली आहे. हा दोष नेटच्या मागे उभं राहून, वेळेवर, मुलगा सोळा वर्षांचा असताना ओळखणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम. माझ्या मते तेच सगळ्यांत मोठंही आहे. चेंडूचा वेग पुढे वाढवता येतो, मोडलेली पाठ तशीच्या तशी परत मिळत नाही.

त्यानंतर येतं मनगट आणि सीम. चेंडू बोटांतून सुटताना शिवण सरळ उभी राहते की डुगडुगते, यावर तो हवेत वळणार की टप्पा पडल्यावर हलणार हे ठरतं. इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा चेंडू, भारतात एसजीचा, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात कुकाबुराचा. कुकाबुराची शिवण लवकर बसते, मग टप्प्याची शिस्त आणि चेंडूची चकाकी राखणं यावरच भिस्त. प्रत्येक देशात टप्पा हातभर पुढे-मागे करावा लागतो. तो किती, हे सामन्याआधीच्या सरावात ठरतं. शिवाय आठवड्याला कोणी किती चेंडू टाकले याचा हिशेब फिजिओबरोबर ठेवायचा. समोरच्या फलंदाजाचे व्हिडिओ पाहायचे आणि त्यातलं गोलंदाजाला झेपेल तेवढंच सांगायचं. हे शेवटचं फार अवघड. स्पेलच्या मध्ये सीमारेषेवर पाणी प्यायला आलेल्या गोलंदाजाला दोन वाक्यांपेक्षा जास्त ऐकू येत नाही.

संघातल्या एकाच जागेसाठी वेगळा प्रशिक्षक ही पद्धत अमेरिकी फुटबॉलमध्ये पराकोटीला गेली आहे. तिथल्या कॉलेज संघात चेंडू काखेत घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून धावणाऱ्या खेळाडूंना ‘रनिंग बॅक’ म्हणतात आणि तेवढ्यांसाठीच एक प्रशिक्षक असतो. चेंडू हातातून सुटू न देणं, फट दिसेपर्यंत दम धरणं, दुसऱ्याच्या हाती चेंडू असताना आडवं पडून त्याला वाचवणं हे तो घोटून घेतो. शाळांमध्ये फिरून नवी मुलं हेरणंही त्याच्याचकडे. डेल मॅगी हे त्यातलं ठळक नाव. ते आधी शाळेचे प्रशिक्षक होते. मग एका छोट्या विद्यापीठात रनिंग बॅकचे प्रशिक्षक झाले. 2016 पासून जॉर्जिया विद्यापीठात त्याच कामावर राहिले, 2021 आणि 2022 च्या मोसमांची राष्ट्रीय विजेतेपदं पाहिली आणि 2024 मध्ये जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. शाळा, एका जागेचा तज्ज्ञ आणि मग सगळा संघ, अशी ती चढण.

आपल्याकडे गोलंदाजी प्रशिक्षकाचं पद फार जुनं नाही. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या तेव्हा संघाबरोबर व्यवस्थापक असे. गोलंदाजी शिकायची ती ज्येष्ठ गोलंदाजाकडून, नाहीतर आपली आपण. 2007 नंतर व्यंकटेश प्रसाद, एरिक सिमन्स, ज्यो डॉस, भरत अरुण अशी रांग लागली. नोव्हेंबर 2021 मध्ये म्हांब्रे आले.

म्हांब्रेंची वाट नीट पाहण्यासारखी आहे. 1996 च्या इंग्लंड दौऱ्यात ते दोन कसोटी खेळले, एजबॅस्टन आणि लॉर्ड्स. मिळाले दोन बळी. पुढे कसोटीचं दार उघडलं नाही. काही जण तिथेच कडवट होतात. म्हांब्रे मुंबईसाठी टाकत राहिले. प्रथम श्रेणीत अडीचशेहून अधिक बळी घेतले आणि 2002-03 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. मग प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या आणि बंगालचं काम हाती घेतलं. 2005-06 आणि 2006-07 असे लागोपाठ दोन मोसम बंगाल रणजीच्या अंतिम फेरीत गेला. दोन्ही वेळा हरला, दुसऱ्यांदा वानखेडेवर, मुंबईकडूनच. ज्या मैदानावर स्वतः वाढलो तिथे परक्या संघाच्या तंबूत बसून हार पाहणं या पेशात चुकत नाही. बडोदा, विदर्भ, राष्ट्रीय अकादमी, भारत ‘अ’ संघ, सगळीकडे बॅग घेऊन जायचं. 2018 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ते राहुल द्रविडबरोबर गोलंदाजी प्रशिक्षक होते. 2020 मध्ये त्याच वयोगटाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून अंतिम सामन्यापर्यंत गेले.

लॉर्ड्सची ती 1996 ची कसोटी सुरू झाली 20 जूनला, म्हांब्रेंच्या चोविसाव्या वाढदिवशी. द्रविडचं त्या सामन्यात पदार्पण झालं, आणि विक्रम राठोडही त्या अकरांत होता. पंचवीस वर्षांनी भारताचा मुख्य प्रशिक्षक द्रविड, फलंदाजीचा राठोड आणि गोलंदाजीचे म्हांब्रे. तिघांपैकी एकच महान फलंदाज म्हणून ओळखला गेला. उरलेल्या दोघांचा कसोटीतला हिशेब थोडक्यात आटोपला होता. तरी शिकवण्याच्या कामात तिघं एकाच पातळीवर उभे राहिले, याचं मला मोठं मोल वाटतं.

त्या अडीच-पावणेतीन वर्षांत म्हांब्रेंना सगळं मिळालं. जसप्रीत बुमराची पाठ 2022 मध्ये दुखावली. त्या वर्षीचा टी-20 विश्वचषक त्याच्याविना खेळावा लागला आणि तो थेट ऑगस्ट 2023 मध्ये परतला. सप्टेंबर 2023 मध्ये सिराजने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात 21 धावांत 6 बळी घेऊन श्रीलंकेला 50 धावांत गुंडाळलं. नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर मोहम्मद शमीने एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे सात गडी टिपले. त्याच विश्वचषकात शार्दूल पहिल्या चारपैकी तीन सामने खेळला होता. हार्दिक पंड्या जायबंदी झाला, संघाचा तोल बदलला, शार्दूल बाहेर बसला आणि शमी आत आला. निर्णय बरोबर ठरला. पण नेटमध्ये ज्याच्यावर आपण मेहनत घेतली त्याच्या शेजारी बसून दुसऱ्याचं यश पाहणं आणि बाहेर बसलेल्याचा सराव ढिला पडू न देणं, हेही याच कामात येतं.

29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. स्पर्धेत अर्शदीपसिंगचे 17 बळी, बुमराचे 15. बक्षिसाच्या 125 कोटींतून मुख्य प्रशिक्षकाला जास्त वाटा होता, पण आपल्याला सहकारी प्रशिक्षकांइतकाच हवा असं द्रविडने कळवल्याच्या बातम्या आल्या. आणि लगेच ती फळी बरीचशी बदलली. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याने निवडलेले तज्ज्ञही बहुधा जातात, मग चषक हातात असो वा नसो. म्हांब्रेंच्या जागी मॉर्नी मॉर्कल आला. म्हांब्रे त्याच वर्षी मुंबई इंडियन्सकडे गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून परतले.

आता आपल्या गाड्यांच्या वाटेवर येऊ. शार्दूलला भारतीय संघातले प्रशिक्षक भेटले ते पंचविशीच्या आसपास. त्याच्या कारकिर्दीचा कणा त्याआधीच ठरला होता. तो बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं. त्या काळी डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती 2013 मध्ये आली. किटबॅग घेऊन पालघरहून रोज बोरिवली गाठणं त्या वयाच्या मुलाला झेपणारं नव्हतं, म्हणून लाडांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही त्यांचाच विद्यार्थी. 2022 मध्ये लाडांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शार्दूल मात्र गाडी विसरला नाही. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्याने अंधेरीहून लोकल पकडली आणि पालघरला घरी गेला.

वाणगावात भातकापणी झाली की शेतांत खेळपट्ट्या होतात. टेनिस चेंडूवर जोर काढणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतला एखादा खरोखर वेगवान असतो. त्याचा पुढचा पाय कसा पडतो, खांदे कुठे वळतात हे पाहणारं माणूस मात्र विरारच्या अलीकडे सहज सापडत नाही. मैदानं, स्पर्धा, बक्षिसाच्या मोटारसायकली यांवर आपल्याकडे पैसा उभा राहतो. त्यातला थोडा गावातल्या एखाद्या थांबलेल्या गोलंदाजाला प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला दिला तर? भारतीय क्रिकेट मंडळाचे हे अभ्यासक्रम पायरीपायरीने होतात. म्हांब्रेंनाही त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या. आपल्या भागातल्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी, क्लबांच्या जुन्या खेळाडूंनी पहिल्या पायरीची चौकशी मुंबई क्रिकेट संघटनेकडे जरूर करावी. खांदा थकलेला असेल, पण डोळा शाबूत असेल तर हे काम साठीपर्यंत करता येतं.

पुढच्या आठवड्यात क्षेत्ररक्षण प्रशिक्षक. 2023 च्या विश्वचषकात प्रत्येक सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये पदक देण्याची पद्धत पाडणारे टी. दिलीप, आणि झेल हातात येण्याआधी पायांनी करायचं काम.