देखणा खेळ आणि जिंकलेला खेळ

देखणा खेळून हरलेला संघ लोकांच्या मनात राहतो आणि कसाबसा जिंकलेला संघ कोष्टकात पडून राहतो, असे फुटबॉलचे शौकीन नेहमी सांगतात. पुरावा म्हणून ते १९५४ सालच्या हंगेरीकडे बोट दाखवतात. पुस्कास, कोचिश, हिदेगकुटी यांचा तो संघ. जागतिक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत त्याने पश्चिम जर्मनीला ८-३ असे झोडपले आणि ४ जुलैला बर्न येथे त्याच जर्मनीकडून अंतिम सामना ३-२ असा गमावला.

त्या दिवशी पाऊस होता. आमच्या मावळात, कुसगाव-लोणावळ्याकडे, आषाढात ज्याने एकदा तरी चेंडूला लाथ मारली आहे, त्याला पाऊस काय करतो हे समजावून सांगायला नको. लहान लहान पास चिखलात रुततात, वळणारा पाय घसरतो, आणि नजाकतीने खेळणाऱ्याची नजाकत सगळ्यांत आधी जाते. जर्मनांच्या बुटांच्या तळाचे खिळे बदलता येत होते; ओल्या मैदानासाठी त्यांनी लांब खिळे बसवून घेतले.

पण श्रोतेहो, हे उदाहरण वाटते तितके सरळ नाही. ज्यांना आपण देखणे पराभूत म्हणतो, त्या हंगेरीने १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले होते. १९५३ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर ६-३ असे हरवले होते. १९५० च्या उन्हाळ्यापासून बर्नपर्यंत हा संघ एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना हरला नव्हता. तेव्हा हंगेरी आठवते ती नुसत्या देखणेपणामुळे, असे कसे म्हणावे? आणि जर्मनीत विचाराल, तर तिथे घराघरांत आठवतो तो विजयच. त्याला ते ‘बर्नचा चमत्कार’ म्हणतात.

आता आपल्याकडे पाहू. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, शेवटच्या मिनिटांत गोल बसला आणि आपण २-१ असे हरलो. हा पराभव आजही कौतुकाने सांगितला जातो. मात्र चारच वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत आपला संघ पुन्हा बहुतांशी अनवाणीच उतरला आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. ती गोष्ट कोणी सांगतो का? पाय तेच, पद्धत तीच. पण एक पराभव दंतकथा झाला आणि दुसरा झाकून ठेवला गेला. केवळ शैलीने आठवण टिकत असती तर असे झाले नसते.

माझ्या मते टिकते ते सांगता येण्याजोगे. बार्देश तालुक्यातल्या दोन गोवेकरांचेच पाहा ना. दोघांचाही खेळ गाजला तो मुंबईच्या मैदानांवर. आसगावचे नेव्हिल डिसोझा १९५६ मध्ये मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारून गेले. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पण पुढे आपण ४-१ असे हरलो आणि शेवटी चौथे आलो. पदक नाही.

दुसरे कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले हाफबॅक. दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पदक फ्रँकोंकडे, तरी जुन्या फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की आधी नाव येते ते नेव्हिलचे. कारण उघड आहे. तीन गोल एका वाक्यात सांगून होतात. हाफबॅकचे काम म्हणजे समोरच्याचा पास मध्येच तोडायचा, मान वर करून आपला मोकळा गडी हेरायचा, चेंडू त्याच्या पायात द्यायचा आणि पुन्हा मागे धावायचे. असे नव्वद मिनिटे. पन्नास वर्षांनी नातवाला हे कोण कसे सांगणार? मला विचाराल तर संघाचा देखणेपणा बराचसा या माणसाच्या पायांतून येतो. गोल मारणाऱ्याला तो फक्त शेवटी दिसतो!

जकार्ताच्या अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. त्यातले लोकांना आठवते ते जर्नेलसिंग. हा मूळचा बचावपटू. कपाळावर टाके पडलेले असताना रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर खेळवले आणि त्याने डोक्याने गोल केला. म्हणजे विजयातलेही आपण सांगण्याजोगे तेवढेच उचलले. खुद्द रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव हैदराबाद आणि फुटबॉलवाले यांच्यापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा ते घरोघर पोचले.

फ्रँको तो चित्रपट येण्याआधीच, मे २०२१ मध्ये, वारले.