रेझिनचे अलंकार : लेखांक चौथा – कवडी, खडा आणि कोंडलेली हवा

मागील लेखांकात साचे आणि रंगद्रव्ये यांचा तपशील झाला. आता ज्या ठिकाणी घरगुती कारागिरीची खरी परीक्षा होते तो विषय, म्हणजे रेझिनच्या पोटात एखादी वस्तू निर्मळपणे व बुडबुड्यांवाचून कशी बसवावी हा विषय, हाती घ्यावयाचा आहे. त्यासाठी वाळवलेली विलायती फुले किंवा सोनेरी वर्खाचे तुकडे असे बाजारात तयार मिळणारे सामान, ज्याने सारे अलंकार अखेर एकाच तोंडवळ्याचे होतात, ते बाजूस ठेवून, धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यापैकी मौजे येरमाळा येथील दोन जिन्नस मी मुद्दाम निवडले आहेत : कवडी आणि चुनखडीचा खडा.

सोलापूर-धुळे महामार्गावरील या गावी बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरीचे स्थान असून चैत्री पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते, आणि दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघाली म्हणजे चुन्याच्या रानात भाविकांचा समुदाय चुनखडीचे खडे वेचतो. आराधी मंडळींच्या गळ्यातील कवड्यांची माळ तर तुळजापूर-येरमाळ्याच्या पट्ट्यात कोणास नवी नाही. ती माळ व्रताची आहे. तिची कवडी काढून तिचे लोलक करण्याची तजवीज कोणी करू नये. परंतु यात्रेच्या दुकानांतून विकत घेतलेली सुटी कवडी किंवा आपल्या हाताने वेचलेला खडा कायम जवळ बाळगावा असे ज्याला वाटते, त्याने तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवून गळ्यात घातला तर त्यात मला गैर दिसत नाही.

राळेचे अलंकार या मुलखाला तसे परके नाहीत. बोरमाळेचा पातळ पत्र्याचा पोकळ मणी चेपू नये म्हणून सोनार त्यात लाख भरीत. आणि 1948 पर्यंत हा जिल्हा ज्यांच्या अमलाखाली होता त्या निजामांच्या राजधानीत, चारमिनारलगतच्या लाड बाजारात, लाखेवर खडे जडवलेल्या बांगड्यांचा व्यापार आजही चालतो. पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांवर पोसणाऱ्या किड्यांपासून मिळणाऱ्या या द्रव्याला पर्याय शोधता शोधताच लिओ बेकलंड याने 1907 मध्ये बेकेलाइट सिद्ध केले, आणि पुढे स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टान यांच्या संशोधनातून इपॉक्सी रेझिन निघाले, जे बाझल येथील सिबा कंपनीने 1946 च्या सुमारास ॲराल्डाइट या नावाने बाजारात आणले. तुटलेल्या कपाचा कान दोन नळ्यांतील द्रव्ये कालवून ज्यांनी चिकटवला आहे, त्यांनी अलंकाराच्या रेझिनचे सख्खे भावंडच हाताळले आहे. मात्र लाख आणि इपॉक्सी यांच्यात एक भेद असा आहे की ज्यावर पुढचे सारे अवलंबून राहते : लाख पुन्हा तापवली तर पुन्हा वितळते व कारागिराला चूक निस्तरण्याची मुभा देते, तर इपॉक्सी एकदा बद्ध झाले की कोणत्याही उष्णतेने पूर्ववत द्रवरूप होत नाही. तेव्हा काम ओतण्यापूर्वीच नीट झाले पाहिजे.

आता कवडीकडे पाहू. तिचे मुख म्हणजे दातेरी कडांची एक अरुंद फट, आणि आत पोकळी. घट्ट रेझिन त्या फटीवर पसरून ती बंद करते, आतील हवा अडकते, आणि दोन द्रव्यांच्या संयोगातून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने ती हवा प्रसरण पावून रेझिन अर्धे बद्ध झाले असता बाहेर पडू पाहते. त्या अवस्थेत वर आलेला बुडबुडा मग तेथेच कायमचा मुक्काम करतो. म्हणून कवडी उताणी ठेवून, बिनसुईच्या सिरिंजने फटीच्या एकाच टोकाकडून थेंब थेंब रेझिन सोडावे, म्हणजे दुसऱ्या टोकाने हवेस वाट राहते, आणि ते घट्ट झाल्यावरच कवडी साच्यात न्यावी. पाठ घासून भोक पाडलेली कवडी मिळाल्यास हा खटाटोप पुष्कळच कमी होतो.

खड्याची कैफियत निराळी. चुनखडी सच्छिद्र, शेकडो सूक्ष्म रंध्रांतून हवाही धरणारी आणि ओलावाही धरणारी. तो खडा मऊ ब्रशाने साध्या पाण्यात धुवावा, लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात लावू नये, कारण आम्लाने चुनखडी फसफसून झिजते; मग काही दिवस कडक उन्हात वाळवावा आणि ब्रशाने रेझिनचे दोन पातळ हात देऊन त्याची रंध्रे बुजवावीत. ताज्या फुलांना मात्र हा उपाय लागू नाही. देवीच्या हारातील फूल असले तरी पूर्ण सुकल्याशिवाय ते आत काळे पडणारच.

खडा रेझिनहून जड असल्याने तळाशी जातो. त्यास मध्यभागी राखावयाचे असेल तर आधी साचा निम्मा भरावा, ते रेझिन मधासारखे दाट व चिकट झाले की खडा ठेवावा व मग उरलेला भाग ओतावा. साच्याचा तळ हाच अलंकाराचा दर्शनी भाग होणार असल्यास खड्याची चांगली बाजू खाली करावी, हे नवशिक्यांच्या हमखास विस्मरणात जाते.

प्रमाणाविषयी ताकीद एकच. हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये कालवावयाचे दुसरे द्रव्य, जास्त घातल्याने रेझिन लवकर वाळते हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. तो संयोगातील समान भागीदार असून जास्त झालेला भाग तसाच उरून पृष्ठभाग चिकट राहतो. बाटलीवर दोनास एक असे लिहिले असेल तर ते वजनाने की मापाने हेही वाचावे. कालवल्यावर काम उरकण्याची बाटलीवर दिलेली मुदत साधारण 25 अंश तापमान धरून असते. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात पारा 40 च्या घरात गेला म्हणजे ती मुदत निम्म्याहूनही खाली येते, आणि कपात साठवलेले रेझिन कधी कधी धूर सोडण्याइतके तापते. यास्तव पहाटे, थोडे थोडे, पसरट भांड्यात कालवावे. ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. नायट्राइलचे हातमोजे आवश्यक आहेत, कारण त्वचेला एकदा याची ॲलर्जी जडली की ती सहसा सुटत नाही. श्रावणातल्या दमट हवेत वर पांढुरका तेलकट थर धरल्यास कोमट साबणाच्या पाण्याने तो निघतो.

अलंकार एका दिवसाने साच्यातून काढता येतो, तथापि पूर्ण कठीण होण्यास तीन दिवस ते आठवडा लागतो. तोपर्यंत तो सपाट जागी ठेवावा, उन्हात तापणाऱ्या मोटारीत ठेवू नये, आणि भोक पाडण्याची घाई करू नये. भोक, कडी व पॉलिश यांचा विचार पुढील लेखांकात.

(क्रमशः)