घरविक्रीच्या जाहिरातीतील छायाचित्रांची अद्ययावतता : एक विवेचन

प्रस्तावना :

घर ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठी खरेदी असते. पूर्वी जुने घर विकावयाचे झाल्यास वृत्तपत्रातील चार ओळींची छोटी जाहिरात, इस्टेट एजंट आणि परिचितांचे वर्तुळ हीच साधने उपलब्ध होती. '९९एकर्स' (२००५), 'मॅजिकब्रिक्स' (२००६) व 'हाउसिंग डॉट कॉम' (२०१२) यांसारख्या संकेतस्थळांच्या उदयानंतर शब्दांची जागा मोठ्या प्रमाणावर छायाचित्रांनी घेतली. नागपूरचे कुटुंब पुण्यातील सदनिकेची किंवा परदेशस्थ मराठी माणूस ठाण्यातील घराची पहिली निवड आज छायाचित्रांवरूनच करतो. छायाचित्र चांगले कसे काढावे याविषयी पुष्कळ सांगितले जाते. परंतु ते केव्हा काढलेले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात पुनर्विक्रीच्या घरांसंदर्भात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) छायाचित्रे कालबाह्य होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२) अद्ययावत छायाचित्रांचे आर्थिक व कायदेशीर महत्त्व विशद करणे.
३) विक्रेता व खरेदीदार यांच्यासाठी व्यवहार्य पद्धती सुचविणे.

छायाचित्रे कालबाह्य का होतात?

विक्रीस काढलेले घर काही महिने, प्रसंगी वर्षभरही विकले जात नाही. या काळात जाहिरातीचे नूतनीकरण होते, किंमत बदलते, मध्यस्थ बदलतो. छायाचित्रे मात्र तीच राहतात. जाहिरात नव्याने प्रसिद्ध झाल्याचा दिनांक ताजा दिसत असल्याने छायाचित्रेही ताजीच असावीत असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः जाहिरातीचा दिनांक आणि छायाचित्राचा दिनांक या दोन भिन्न बाबी आहेत.

घरात होणारे बदल अनेक प्रकारचे असतात. मालक राहत असतानाचे नीटनेटके घर भाडेकरू राहून गेल्यावर तसेच राहत नाही. सामान हलविल्यानंतर भिंतींवरील डाग व फरशीच्या भेगा उघड्या पडतात. बदल केवळ घराच्या आतच होतात असेही नाही. सज्जातून दिसणारी टेकडी शेजारच्या भूखंडावर नवी इमारत उभी राहिल्यावर दिसेनाशी होते. पुण्यात २०२२ मध्ये मेट्रो सुरू होण्यापूर्वी काढलेले एखाद्या मार्गाचे छायाचित्र त्या मार्गाची आजची स्थिती सांगू शकत नाही. बदल नेहमी प्रतिकूलच असतो असेही नव्हे. इमारतीला नवा रंग दिला, लिफ्ट बदलली, गच्चीचे जलरोधन झाले, तरी जुनी छायाचित्रे तशीच ठेवल्यास विक्रेत्याचेच नुकसान होते.

पावसाळा : महाराष्ट्रातील विशेष घटक

महाराष्ट्रात, विशेषतः कोकण किनारपट्टीवर, घराचे खरे परीक्षण पावसाळ्यातच होते. बाहेरील गिलाव्यातील बारीक भेगा, खिडकीच्या चौकटीचे सांधे, गच्चीचा सदोष उतार यांतून पाणी भिंतीत शिरते. आधी ओल दिसते, मग रंगाचे पोपडे सुटतात. भिंत वाळताना क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा धरतो. हिवाळ्यात भिंत कोरडी होते व रंगाचा एक हात दिल्यावर वरकरणी काहीच उरत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये काढलेले छायाचित्र खोटे नसले, तरी ऑगस्टमध्ये ते अपुरे ठरते. याउलट पावसाळ्यात खिडकीवर बांधलेले प्लास्टिकचे आच्छादन डिसेंबरच्या जाहिरातीत दिसत राहिले, तर घर सहा महिने पडून आहे हे खरेदीदाराच्या लक्षात येते आणि वाटाघाटीत विक्रेत्याची बाजू कमकुवत होते.

आर्थिक दृष्टिकोन :

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, खरेदीदाराला नसतो. म्हणून खरेदीदार सर्वच वस्तूंना संशयाची किंमत लावतो आणि चांगल्या वस्तूच्या मालकालाही योग्य मोल मिळत नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये संकेतनाचा विचार मांडला. निकृष्ट वस्तूच्या मालकाला ज्याचे अनुकरण सहज करता येत नाही, तोच संकेत विश्वासार्ह ठरतो. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विचार घराच्या छायाचित्रास तंतोतंत लागू पडतो. सुंदर प्रकाशातील दिवाणखान्याचे छायाचित्र कोणीही देऊ शकतो. त्यामुळे त्यातून घराच्या दर्जाविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. परंतु ऐन पावसाळ्यातील, दिनांक नमूद केलेले कोरड्या छताचे छायाचित्र गळक्या घराचा मालक प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. दिनांकामुळे छायाचित्र सजावट न राहता पुरावा बनते, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र होय.

प्रामाणिक छायाचित्रांमुळे ग्राहक येणार नाहीत, अशी भीती विक्रेत्यास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रत्यक्ष पाहणी न करता सहसा कोणी विसार देत नाही. छायाचित्रातील भिंत आणि समोरची भिंत यांत तफावत आढळली की शंका त्या भिंतीपुरती मर्यादित राहत नाही; ती कागदपत्रे, थकबाकी व मालकी हक्क यांपर्यंत पोहोचते. रजा काढून दूरवरून आलेले कुटुंब रिकाम्या हाताने परतते आणि विक्रेत्याचाही एक संभाव्य ग्राहक कायमचा जातो.

कायदेशीर दृष्टिकोन :

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याला ज्ञात असलेला, खरेदीदाराला ज्ञात नसलेला आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला शोधता न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. असा दोष न सांगणे हे कपटपूर्ण मानले जाते. केवळ पावसाळ्यात प्रकटणारी आणि रंगाखाली झाकलेली गळती या वर्णनात बसते, असा युक्तिवाद करण्यास वाव आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये वस्तुस्थिती सक्रियपणे लपविणे हे कपट म्हटले आहे. मात्र कलम १९ च्या अपवादानुसार, चुकीचे निवेदन किंवा कपटपूर्ण मौन असले तरी सामान्य दक्षतेने सत्य शोधण्याची साधने खरेदीदाराजवळ असल्यास करार रद्द करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. म्हणजेच छायाचित्रावर विसंबून पाहणी टाळणे खरेदीदारालाही परवडणारे नाही.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ ने चुकीच्या जाहिरातीबद्दल प्रवर्तकास उत्तरदायी धरले आहे; परंतु हे कलम प्रवर्तकाच्या प्रकल्पासाठी आहे. आपले राहते घर विकणारी व्यक्ती त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे पुनर्विक्रीत विक्रेत्याच्या सचोटीचे महत्त्व अधिक वाढते. इंग्लंडमधील १९९१ च्या मालमत्ताविषयक चुकीच्या वर्णनाच्या कायद्यात चित्राद्वारे केलेले विधानही विधानच मानले होते. हा कायदा २०१३ मध्ये रद्द होऊन त्याची जागा व्यापक ग्राहकसंरक्षण नियमांनी घेतली असली, तरी छायाचित्रही काही विधान करते हे तत्त्व आजही मार्गदर्शक आहे.

व्यवहार्य सूचना :

१) ऋतू बदलल्यावर, दुरुस्ती वा रंगकाम झाल्यावर, भाडेकरू गेल्यावर, सामान हलविल्यावर आणि परिसरात मोठा बदल झाल्यावर छायाचित्रे नव्याने काढावीत.
२) प्रत्येक छायाचित्राखाली महिना व वर्ष लिहावे. व्हॉट्सॲपवरून सामान्य पद्धतीने पाठविलेल्या छायाचित्रातून त्यामधील तांत्रिक नोंदी गळून पडतात. म्हणून दिनांक लिहूनच द्यावा.
३) दुरुस्ती झाली असल्यास आधीचे व नंतरचे अशी दोन्ही छायाचित्रे ठेवावीत. जुने छायाचित्र दिनांकासह दिल्यास ते दिशाभूल करीत नाही.
४) एकाहून अधिक संकेतस्थळे व मध्यस्थ असल्यास सर्वांकडील जुना संच काढून घ्यावा.
५) खरेदीदाराने छायाचित्रे कोणत्या महिन्यातील आहेत हे विचारावे, वरच्या मजल्यावरील घर असल्यास पावसाळ्यातील छायाचित्रे मागावीत आणि शक्य तर एक पाहणी पावसाळ्यात करावी.

निष्कर्ष :

घर तेच राहते, पण त्याची स्थिती काळानुसार बदलते. छायाचित्र त्या स्थितीचा एक क्षण टिपते व तो क्षण कोणता हे न सांगितल्यास खरे छायाचित्रही असत्य सांगू लागते. अद्ययावत व दिनांकित छायाचित्रांसाठी विक्रेत्याला थोडा वेळ खर्च करावा लागतो. त्या बदल्यात त्याला विश्वास मिळतो, तर खरेदीदाराची आयुष्यभराची बचत सुरक्षित राहण्यास साहाय्य होते. अर्थशास्त्र, विधी व जाहिरातलेखन या तिन्ही विषयांच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवातील हे उदाहरण उपयुक्त ठरेल.