‘गाडीतून उतर!’ ...आणि नाही उतरलो तर?

अमेरिकेत पोलिसाने गाडी थांबवली आणि ड्रायव्हर ‘नाही’ म्हणाला, तर पुढच्या काही सेकंदांत काय होऊ शकतं? आणि कायदा त्याकडे कसा बघतो?

सिग्नलच्या पुढे झाडाआड उभे असलेले मामा शिट्टी मारतात. आपण काय करतो? गाडी साइडला घेतो, स्टँडवर लावतो आणि स्वतःच चालत त्यांच्याकडे जातो. ‘मामा, सोडा ना, पेपर आहे’ इथून सुरुवात. फोर व्हीलर असली तरी तेच. काच खाली करून आत बसून राहणारा आपल्याकडे उलट माजोरडा वाटतो. खाली उतरून बोललं की मान दिल्यासारखं होतं.

आता हाच सीन टेक्सासच्या हायवेवर टाकून बघा. मागे लाल-निळे दिवे चमकतात, तुम्ही गाडी कडेला घेता आणि सवयीने दार उघडून पोलिसाच्या दिशेने चालायला लागता. त्याला तो मान वाटत नाही, धोका वाटतो. तिथला शिरस्ता वेगळा आहे. गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि विचारल्याशिवाय खिशात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा नाही. एमएस करायला जाणारे आपल्यातले कितीतरी जण तिथे सेकंडहँड गाडी घेतात. त्यामुळे हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही.

एवढी भीती कशाची?

अमेरिकेत एका साध्या दिवशी पोलीस ५० हजारांहून जास्त गाड्या थांबवतात, असं स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचा या विषयावरचा प्रकल्प सांगतो. बहुतेक वेळा दंडाची पावती किंवा नुसती समज देऊन विषय संपतो. पण तिथे बंदूक अनेकांकडे असते, त्यामुळे काचेजवळ येणारा पोलीसही घाबरलेला असतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ मध्ये पाच वर्षांच्या घटना तपासल्या. ज्यांच्या हातात बंदूक किंवा चाकू नव्हता आणि ज्यांचा हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता, असे ४०० हून अधिक ड्रायव्हर आणि प्रवासी पोलिसांच्या हातून मारले गेल्याचं त्यात दिसलं. त्याच काळात थांबवलेल्या ड्रायव्हरांच्या हातून साधारण ६० पोलीसही मेले. म्हणजे पोलिसाची भीती खोटी नाही. पण तिची किंमत कोण मोजतंय, तेही आकड्यांत दिसतंच.

कुठला ‘नाही’ चालतो?

‘गाडीतून उतर’ असं पोलीस म्हणू शकतो का? हो. १९७७ च्या ‘पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स’ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नियमानुसार थांबवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला पोलीस खाली उतरायला सांगू शकतो. त्यासाठी वेगळा संशय असायची गरज नाही. १९९७ मध्ये हाच नियम सोबतच्या प्रवाशांनाही लागू झाला.

पण काही ठिकाणी ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे. ‘डिकी तपासू का?’ असं विचारलं तर परवानगी नाकारता येते. कुठून आलास, कुठे चाललास, यावर गप्प राहता येतं. पावतीचं काम संपल्यावर निव्वळ कुत्र्याकडून गाडी हुंगवून घ्यायची म्हणून, ठोस संशय नसताना थांबवून ठेवता येत नाही, हे २०१५ च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालाने स्पष्ट केलं.

म्हणजे एका ‘नाही’ला कायद्याचं संरक्षण आहे आणि दुसऱ्या ‘नाही’वरून अटक होऊ शकते. रात्रीची वेळ, डोळ्यांवर टॉर्चचा झोत, समोर कंबरेला बंदूक लावलेला माणूस. अशा वेळी हा फरक वीस-बावीस वर्षांच्या पोराने आठवायचा!

मूळ कारण कुठे गेलं?

जुलै २०१५, टेक्सास. सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या तरुणीला लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवलं. पोलिसाने सिगरेट विझवायला सांगितली. माझ्या गाडीत मी सिगरेट का विझवू, असं तिचं म्हणणं. मग ‘खाली उतर’ आलं, तिने नकार दिला आणि त्याने टेसर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, तिच्यावर रोखलं. तिला अटक झाली. तीन दिवसांनी ती तुरुंगाच्या कोठडीत मृतावस्थेत सापडली. आत्महत्या अशी नोंद झाली. त्या पोलिसाची नोकरी गेली. टेक्सासने २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा केला आणि वाद शांत कसा करायचा याचं प्रशिक्षण पोलिसांना सक्तीचं केलं.

सप्टेंबर २०२४, मायामी. फुटबॉल स्टार टायरिक हिल मॅचला निघाला होता. वेगात गाडी चालवली म्हणून त्याला स्टेडियमजवळ थांबवलं. त्याने लायसन्स दिलं आणि काळी काच पुन्हा वर केली. काच खाली घे, यावरून वाद वाढला. काही क्षणांत तो रस्त्यावर पालथा होता आणि हातात बेड्या होत्या. त्याच दिवशी तो मॅच खेळला, पण तो स्टार होता.

दोन्ही ठिकाणी क्रम तोच आहे. छोटं कारण, हुकूम, नकार, चढ्या आवाजात पुन्हा हुकूम आणि मग हात. इंडिकेटर मागे पडतो, स्पीड मागे पडतो. ‘माझं ऐकलं नाही’ हाच गुन्हा होऊन बसतो.

शेवटचे दोन सेकंद

उतरायचा हुकूम कायदेशीर होता, म्हणून त्यासाठी वापरलेलं कुठलंही बळ कायदेशीर ठरत नाही. १९८९ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ निकालाने तीन प्रश्न विचारायला सांगितलं. गुन्हा किती गंभीर होता? समोरच्यापासून लगेच धोका होता का? तो जोर लावून विरोध करत होता किंवा पळत होता का? यातला ग्रॅहम डायबेटिसचा पेशंट होता. साखर कमी झाली म्हणून ज्यूस घ्यायला तो दुकानात शिरला आणि मोठी रांग बघून घाईने बाहेर पडला. पोलिसाला संशय आला, त्याने मित्राची गाडी थांबवली. त्या झटापटीत ग्रॅहमचा पाय मोडला.

पण हे तीन प्रश्न नेमके कुठल्या क्षणाला लावायचे? यावर २०२५ मध्ये मोठा निकाल आला, ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’. एप्रिल २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळ २४ वर्षांच्या तरुणाला थांबवलं होतं. कारण काय, तर भाड्याच्या त्या गाडीवर टोल थकलेला. उतरायला सांगितल्यावर त्याने दार उघडलं, पण उतरला नाही. गाडी सुरू केली. पोलीस दाराच्या उंबऱ्यावर चढला आणि दोन सेकंदांत गोळी झाडली. गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंत सगळं मिळून पाच सेकंद. तो तरुण गेला.

खालच्या कोर्टांनी फक्त शेवटचे दोन सेकंद बघितले. चालत्या गाडीला लटकलेल्या पोलिसाच्या जिवाला धोका होता, विषय संपला! पण तो गाडीवर चढलाच का, हे विचारायची सोयच नव्हती. १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की असं चालणार नाही. आधी काय घडलं तेही बघा. पोलीस दोषी आहे असं कोर्टाने म्हटलं नाही, खटला फेरविचारासाठी परत पाठवला. चार न्यायमूर्तींनी तर वेगळं लिहून, गाडी पळवणाऱ्या ड्रायव्हरसमोर पोलिसाला किती अवघड निर्णय घ्यावा लागतो, हेही नोंदवलं.

आपल्याकडे

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ नुसार कायदेशीर आदेश मुद्दाम न पाळल्यास दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये लखनौच्या गोमतीनगरमध्ये रात्री गाडी थांबवली नाही म्हणून एका कॉन्स्टेबलने गोळी झाडली आणि खासगी कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. पोलिसांचं ऐकायला हवं, हे मान्यच. पण न ऐकण्याची शिक्षा कायद्याने ठरवायची असते, समोरच्याच्या रागाने किंवा भीतीने नाही.

फिलाडेल्फियाने यावर एक साधी वाट काढली. मागचा एखादा दिवा बंद आहे अशा किरकोळ कारणांसाठी गाड्या थांबवणंच मार्च २०२२ पासून बंद केलं. थांबवलंच नाही तर हुकूम नाही, नकार नाही आणि बंदूकही नाही. बाकीच्या वेळी ड्रायव्हर चुकेल, घाबरेल, हट्टही करेल. ट्रेनिंग मात्र पोलिसाला मिळालेलं असतं आणि बंदूकही त्याच्याकडे असते. त्यामुळे दोन पावलं मागे यायची जबाबदारी आधी त्याची.

अमेरिकेत गाडी चालवणार असाल तर...

- दिवे दिसले की सुरक्षित जागी गाडी थांबवा, रात्री आतला लाइट लावा.
- आपणहून उतरू नका. हात स्टिअरिंगवर ठेवा.
- लायसन्स काढण्याआधी ते कुठे आहे ते सांगा, मग हळू काढा.
- ‘उतर’ म्हटलं तर उतरा. तो हुकूम चुकीचा वाटला तरी भांडायची जागा कोर्ट आहे.
- गाडी तपासायला परवानगी द्यायची नसेल तर शांतपणे तसं सांगा. पण हाताने अडवू नका.