चार तारांचा बँजो आणि मिक मलोनी

बँजोवादक मिक मलोनी यांचा जन्म १९४४ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या कॅसलट्रॉयचा. तिथे पारंपरिक वादक फारसे नव्हते, म्हणून तरुणपणी ते शेजारच्या क्लेअर परगण्यात जात, वादकांचं वादन टेपवर घेत आणि घरी त्यावरून शिकत. ही सवय पुढे जन्मभर टिकली. डब्लिनमध्ये 'द जॉन्स्टन्स' या गटातून नाव झाल्यावर ते १९७३ मध्ये अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकसंस्कृतीचा अभ्यास करू लागले. अमेरिकेतलं आयरिश संगीत हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. डॉक्टरेट मिळाली १९९२ मध्ये.

त्यांच्या हातातला बँजो मुळात आयरिश नव्हेच. बँजोचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर अमेरिकेत आले. १८४० च्या दशकात अमेरिकी मिन्स्ट्रेल मंडळ्यांनी, म्हणजे तोंडाला काळं फासून गाणाऱ्या कलावंतांच्या संचांनी, तो आयर्लंडला दाखवला. चार तारांचा टेनर बँजो मात्र विसाव्या शतकातला, अमेरिकी नाचांच्या बँडसाठी घडलेला. आयरिश वादक तो बहुधा फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, खालच्या सप्तकात लावतात. त्यामुळे फिडलवरची बोटं तशीच चालतात, पण मान लांब असल्याने हात जास्त ताणावा लागतो. कातड्यावरून उठलेला सूर क्षणात विरतो. फिडलवाला गज ओढून सूर धरून ठेवू शकतो, बँजोवाल्याला ती सोय नाही. म्हणून तो एका स्वराच्या जागेत नखीचे तीन झपाट्याचे आघात बसवतो. रील या नाचाच्या द्रुत चालीत हे तिन्ही आघात सुटे आणि स्वच्छ ऐकू येणं हीच कसोटी, आणि मलोनी त्या कसोटीला पुरे उतरत.

आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात आयरिश संगीताची ये-जाही एकाच दिशेने झालेली नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १८५० चालींचा संग्रह छापला. स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेल्या मायकेल कोलमन यांच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्या मायदेशी पोहोचल्या आणि तिथल्या फिडलवादनालाच त्यांनी वळण लावलं. मलोनींना ही देवाणघेवाण ठाऊक होती. म्हणूनच अमेरिकेतल्या आयरिश संगीताला त्यांनी कधी उसनं मानलं नाही. नळकाम करून पोट भरणारे फिलाडेल्फियाचे एड रीव्ही नव्या चाली रचत होते. अशा घरगुती कलावंतांचं मोल मलोनींनी ओळखलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'ग्रीन फील्ड्स ऑफ अमेरिका' हा संच काढून त्यांनी स्थलांतरित वादक आणि अमेरिकेत जन्मलेली पोरं एकाच मंचावर बसवली. आयलीन आयव्हर्स, शेमस ईगन आणि नर्तक मायकेल फ्लॅटली हे त्या संचातले. वाजवणाऱ्या बाया पुष्कळ, पण मंचावर पुरुषच दिसत. हे पाहून १९८५ मध्ये त्यांनी स्त्री-वादकांच्या मैफली घडवून आणल्या. त्यांतूनच 'चेरिश द लेडीज' हा संच उभा राहिला. त्यांचं सर्वांत मोठं काम हेच म्हणायला हवं. १९९९ मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली.

मलोनींनी हाती घेतलेलं रंगभूमीच्या जुन्या गाण्यांचं काम संच उभे करण्याहून अवघड होतं. एडवर्ड हॅरिगन आणि डेव्हिड ब्रॅहम यांची एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतली गाणी लोकांच्या ओठांवरून उतरली होती. नाचाच्या चाली मैफलीत कानावरून उचलता येतात. ही गाणी मात्र बरीचशी जुन्या छापील पानांतच उरली होती, आणि कुठे थांबायचं, कोणता शब्द ओढायचा हे पान सांगत नाही. शिवाय त्यांत आयरिशांची आणि कृष्णवर्णीयांची टवाळीही होती. ती झाकावी की इतिहास म्हणून समोर ठेवावी, हे प्रत्येक गाण्यापाशी ठरवावं लागणार होतं. मलोनींनी २००६ मध्ये त्यांतली निवडक गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे आयरिश आणि ज्यू गीतकारांनी मिळून केलेल्या गाण्यांचीही तबकडी काढली.

२७ जुलै २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. ते शिकवत त्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टॅमिमेंट ग्रंथालयात त्यांचा संग्रह जपलेला आहे. 'चेरिश द लेडीज'चं नेतृत्व बासरीवादक जोनी मॅडन यांच्याकडे आहे.