निवडणार कोण, त्यावर सगळं

1 मे 1981 रोजी परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाब्याचं रायगड त्यांनीच केलं, निराधारांची संजय गांधी योजनाही त्यांच्याच काळातली. जानेवारी 1982 मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं ते सिमेंटवाटप आणि त्यांनीच काढलेल्या प्रतिष्ठानच्या देणग्यांवरून उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांमुळे. त्यात धर्माचा संबंध नव्हता.

पण 1980 साली ‘मुस्लिम मुख्यमंत्री चालेल का’ असं मतदाराला कुणी विचारलंच नव्हतं. निवड दिल्लीत झाली, इंदिरा गांधींच्या पसंतीने. अमेरिकेत ज्यू राष्ट्राध्यक्ष होईल का, या प्रश्नाची मेख मला इथेच दिसते.

गॅलप संस्थेने 1937 मध्ये अमेरिकनांना विचारलं, ‘राष्ट्राध्यक्षपदासाठी लायक ज्यू उमेदवाराला मत द्याल का?’ निम्म्याहून कमी लोक हो म्हणाले. त्याच वर्षी मुंबईच्या महापौरपदी डॉ. एलिजा मोझेस बसले. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, वरळी-महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा. मुंबई अमेरिकेपेक्षा उदार होती, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो महापौर नगरसेवकांनी निवडलेला होता. मोजकी माणसं निवडतात तेव्हा अल्पसंख्याकाला दार लवकर उघडतं, हे मान्य करायला हवं.

मतदारापुढे गेलं की गणित बदलतं. परभणी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार मुस्लिम सुमारे 16 टक्के; तरी परभणीतून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेलेला नाही. ‘खान हवा की बाण हवा’ ही शिवसेनेची घोषणा मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाथरीतून 2004 मध्ये बाबाजानी दुर्राणी राष्ट्रवादीतर्फे विधानसभेवर गेले खरे. पण पुढची त्यांची आमदारकी विधान परिषदेतली, जिथे गावोगावच्या मतदाराकडे जावं लागत नाही.

अमेरिकेत ही पळवाट नाही. आधी राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान, मग देशाचं. घटनेचं सहावं कलम पदासाठी धर्माची अट घालायला मनाई करतं, पण मतदाराच्या मनाला ते कलम लागू नाही. कॅथलिक अल स्मिथ 1928 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक हरले. 1960 मध्ये कॅथलिकच असलेल्या जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांपुढे उभं राहून स्पष्टीकरण द्यावं लागलं, तेव्हा कुठे जमलं. ज्यू तर प्रौढ लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. तरीही 2000 मध्ये शब्बाथ पाळणारे जो लिबरमन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि अल गोर यांच्यासह त्यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त मतं पडली. पण अध्यक्ष राज्यवार निकालांवर ठरतो, आणि फ्लोरिडातल्या 537 मतांनी घात केला. ज्यू असलेल्या बर्नी सँडर्सनी 2016 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत न्यू हॅम्पशायर जिंकलं, पुढे वीसहून अधिक राज्यंही. ज्यूच असलेल्या मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 मध्ये त्याच उमेदवारीसाठी अफाट पैसा ओतला आणि हाती लागला फक्त अमेरिकन सामोआ. तो पराभव धर्माच्या खात्यावर मांडणं हास्यास्पद ठरेल.

अलीकडे गॅलपच्या तशाच प्रश्नाला नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणतात. मग अडतं कुठे? माझ्या मते, ‘मला चालेल, पण बाकीच्यांना चालेल का?’ या पक्षवाल्यांच्या शंकेत. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या बैठकीत हीच शंका ‘निवडून येण्याची क्षमता’ या भारदस्त नावाने बसलेली असते.

पेनसिल्व्हेनियाचे ज्यू गव्हर्नर जॉश शापिरो यांचं नाव 2024 मध्ये कमला हॅरिस यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी चर्चेत होतं; निवड झाली टिम वॉल्झ यांची. कारणं बरीच सांगितली गेली, त्यात गाझा युद्धावरून पक्षात पडलेली फूटही होती. जुन्या द्वेषापेक्षा ही फूट ज्यू उमेदवाराला जास्त जड जाईल, असं मला वाटतं. कारण प्रत्येक सभेत त्याला इस्रायलबद्दल विचारलं जाईल, आणि उत्तर काहीही दिलं तरी त्याच्याच पक्षातला एक गट उठून जाईल. शापिरोंनी 2022 मध्ये आपलं राज्य जवळपास पंधरा टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. अध्यक्षीय निवडणुकीत हेच राज्य निर्णायक ठरत आलंय, 2016 लाही आणि 2020 लाही. एवढ्या भांडवलावर उमेदवारी मागू शकणारा ज्यू नेता डेमोक्रॅटिक पक्षाला याआधी मिळालेला नाही.