मण्यार, सांगाडे आणि सांडपाणी

हैदराबादच्या हब्सिगुड्यात सीसीएमबी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. १९७७ साली पुष्पमित्र भार्गवांनी तिची घडी बसवली. इथे तपासायला कधी काय येईल, याचा नेम नाही.

देशातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचं मूळ चक्क एका नागिणीत, म्हणजे पट्टेरी मण्यारीच्या मादीत आहे. शास्त्रज्ञ लालजी सिंग तिच्या लिंगगुणसूत्राचा अभ्यास करत होते. सापांत नर की मादी हे आईकडून ठरतं, माणसांत बापाकडून. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाई सापांत शोभल्या असत्या!) त्या गुणसूत्रात पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा एक तुकडा सापडला आणि त्यावरून माणसांचीही ओळख पटवता येऊ लागली. मग केरळातला पितृत्वाचा दावा, राजीव गांधी हत्येचा तपास, दिल्लीचं तंदूर हत्याकांड अशी प्रकरणं इथे रांगेने आली. ‘जीनोम फाउंडेशन’ ही ना-नफा संस्थाही लालजींनीच हैदराबादेत काढली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाल्यावर त्यांनी पगार घेतला १ रुपया.

शिकाऱ्याने ‘बोकडाचं आहे साहेब’ म्हटलं तरी मांसाचा तुकडा खरं सांगतो. प्राणी कोणता, हे डीएनएवरून ओळखण्याची युक्तीही इथलीच.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट रूपकुंडची. हिमालयातल्या या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडं पडली आहेत. गारपिटीत सापडलेले यात्रेकरू, अशी आख्यायिका. सीसीएमबीतल्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून ३८ जणांचा डीएनए वाचला, त्याचा निकाल २०१९ साली आला. २३ जण दक्षिण आशियाई, साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचे. आणि १४ जण थेट भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, तेही जवळपास हजार वर्षांनंतरचे! ग्रीसकडची ही मंडळी पाच हजार मीटर उंचीवर कशाला कडमडली, ते मात्र हाडं सांगत नाहीत.

२०२० मध्ये पाळी आली हैदराबादच्या गटारांची. सांडपाण्यातले कोरोनाचे अंश मोजून शहरात साधारण साडेसहा लाख लोकांना लागण होऊन गेली असावी, असा अंदाज निघाला. नाकात काडी न घालता!

भातालाही इथला हात लागला आहे. सांबा मसुरी या वाणाला कडा करपा हा रोग फार छळायचा. हैदराबादच्याच भात संशोधन संस्थेबरोबर त्यात तीन प्रतिकारक जनुकं आणली, तीही साध्या संकरातून, आणि सुधारित वाण २००८ मध्ये शेतात उतरलं. बिर्याणीला मात्र हैदराबादकर अजून बासमतीच घेतात.